टाकी भरली तरी मोटर बंद होईना? रिसिव्हर बदलायच्या आधी ही वायर बघा

गेल्या दीड वर्षात माझ्या घरी टाकीचा वायरलेस कंट्रोलर (वर टाकीत सेन्सर आणि सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर, खाली तो सिग्नल घेऊन मोटर चालू-बंद करणारा रिसिव्हर) तीन वेळा बदलून झाला. तिन्ही वेळा रडगाणं एकच. वर टाकी भरते, ओव्हरफ्लोच्या पाईपातून पाणी वाहायला लागतं, खाली रिसिव्हर दाखवतो फुल, आणि मोटर आपली चालूच. सोलापुरात राहणाऱ्याला यात किती जीव जळतो ते काय सांगायचं, नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, तेही कधी रात्री दोनला, उजनीहून इतक्या लांबून पाईपानं आलेलं पाणी आपण जागून जागून हौदात भरायचं आणि मग स्वतःच्याच गच्चीवरनं गटारीत सोडायचं. एकदा पहाटे शेजारच्या अक्का ओव्हरफ्लोच्या पाईपाखाली बादली लावून उभ्या, वर मलाच म्हणतात, "वाया जातंय म्हणून भरून घेतेय हो भाऊ." काय बोलणार?

दुकानदारानं पहिल्या दोन वेळा वॉरंटीत पीस बदलून दिला, तिसऱ्यांदा मी पैसे घातले. पीस खराब असेल असंच तोही म्हणायचा आणि मीही. मी स्वतः वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या मोटरी सांभाळलेला माणूस, तरी मला कळायला तिसरी वेळ लागली, कारण कंट्रोलर बसवायला आलेल्या पोरानं वायरिंग कसं केलंय ते झाकण उघडून मी बघितलंच नव्हतं. घरचं काम म्हटलं की आपण असंच करतो.

तर मुद्दा असा की रिसिव्हर म्हणजे शेवटी एक बटण आहे. आत रिले म्हणजे विजेवर हलणारा छोटा स्विच असतो, त्याची तीन टोकं बाहेर येतात, कॉम (सामाईक), एनओ (एरवी कॉमपासून सुटलेलं) आणि एनसी (एरवी कॉमला जोडलेलं). टाकी रिकामी झाली की कॉम आणि एनओ एकमेकांना जोडले जातात, भरली की सुटतात. बस, एवढंच त्याचं काम. त्या टोकांवर स्वतःचा करंट नसतो, आपण बाहेरून देऊ तोच तिथून जातो. आता हे बटण कशाच्या मध्ये लावलंय त्यावर सगळा खेळ, आणि बऱ्याच तक्रारी तिथल्याच निघतात, सेन्सर बिन्सर नंतर.

(हात घालायच्या आधी मेन बंद करा. एमसीबी पाडला म्हणजे झालं असं समजू नका, घरात इन्व्हर्टर असेल आणि कुणीतरी न्यूट्रल मिसळून ठेवला असेल तर बंद लाईनवरही झटका बसतो. टेस्टरवर विसंबू नका, मल्टीमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. पॅनेलमधल्या कपॅसिटरमध्ये लाईट नसतानाही करंट साठलेला असतो, तो होल्डरला लावलेल्या साध्या जुन्या बल्बमधून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून फटाका काढू नका. आणि ज्याला हे वाचून पोटात गोळा आला त्यानं वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.)

माझ्याकडं काय निघालं ते सांगतो. हौदावर १ एचपीची सिंगल फेज मोटर. पोरानं फेज आणली, रिसिव्हरच्या कॉममध्ये घातली, एनओमधून काढली ती थेट मोटरला. स्टार्टर नाही, कॉन्टॅक्टर (कॉईलनं ओढला जाणारा, मोटरचा करंट पेलणारा मोठा स्विच) नाही, काही नाही. रिसिव्हरवर लिहिलेलं असतं १० अँपिअर २५० व्होल्ट, आणि १ एचपीची मोटर चालताना घेते सहा-सात अँपिअर, म्हणजे हिशेबात बसतंय असं वाटतं. पण ते १० अँपिअर हीटर-बल्बासारख्या लोडचं असतं. मोटर उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे क्षणभर तीस-चाळीस अँपिअर, आणि सुटताना ठिणगी पडते ती वेगळी. त्या साखरेच्या खड्याएवढ्या निळ्या रिलेत पॉइंट केवढे असणार? काही महिने टिकतात, मग एक दिवस वेल्डिंग झाल्यासारखे चिकटतात. रिसिव्हर बिचारा आतून सोड म्हणतो, टिक असा आवाजपण येतो कधीकधी, पण पॉइंट सुटत नाहीत.

हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. मेन बंद करा, कॉम आणि एनओच्या वायरी काढून बाजूला करा, मीटर कंटिन्युइटीला (टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगला) लावून दोन्ही टोकांना टेकवा. रिसिव्हरला करंटच नाही म्हटल्यावर एनओ उघडाच असायला पाहिजे. मीटर वाजला तर पॉइंट चिकटलेत. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं रिलेवर हलकं टकटक करा, बऱ्याचदा वाजायचं थांबतं. थांबलं म्हणून तोच परत वापरायचा नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा चिकटणार. माझे दोन जुने पीस तर दुकानदारानं नेले, तिसरा असाच वाजला.

उपाय म्हणजे मोटरचा करंट कॉन्टॅक्टरनं पेलायचा आणि रिसिव्हरनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल चालवायची. कॉन्टॅक्टर घेताना मोटर ड्यूटीचं रेटिंग बघा, त्यावर एसी-३ असं लिहिलेलं असतं, १ एचपीला ९ अँपिअरचा चालतो, मी एक नंबर मोठा घेतला. कॉईल २३० व्होल्टची. अशी कॉईल एकदा ओढली की पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, रिसिव्हरच्या रिलेला ते म्हणजे काहीच नाही. फेज कॉममध्ये, एनओमधून निघून कॉईलच्या ए१ ला, ए२ ला न्यूट्रल. कॉईल सुटताना जो उलटा झटका मारते त्यानं काही रिसिव्हर हँग होतात नाहीतर रीसेट होतात, त्याला ए१-ए२ वर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा तयार स्नबर मिळतो तो लावायचा, किरकोळ किमतीची वस्तू आहे.

कॉन्टॅक्टर लावणारच तर ओव्हरलोडसकट (मोटर जास्त करंट खायला लागली की ती तोडणारा रिले) पूर्ण स्टार्टरच लावू असं ठरवलं, आणि इथं मी स्वतः माती खाल्ली. संध्याकाळची वेळ, लाईट जायची भीती, हिनं दोनदा विचारलं झालं का म्हणून, तर मी काय केलं, रिसिव्हरच्या दोन वायरी सरळ स्टार्टरच्या हिरव्या, म्हणजे चालूच्या बटणाच्या दोन टोकांना समांतर लावल्या. बटणाला बटण, डोक्यात एवढंच. मोटर झकास चालू झाली. टाकी भरली, रिसिव्हर टिक झाला, मोटर चालूच! पुन्हा तेच. फरक एवढाच की या वेळी काहीच बिघडलेलं नव्हतं.

स्टार्टर ज्याला माहीत आहे त्याच्या लक्षात आलंच असेल. हिरवं बटण आपण दाबून सोडतो तरी मोटर चालू राहते, ती का, तर कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचाच १३-१४ नंबरचा पॉइंट जोडला जाऊन हिरव्या बटणाला बायपास देतो. त्याला आपल्याकडं होल्डिंग म्हणतात. एकदा होल्ड झाल्यावर हिरव्याच्या जागी लावलेला रिसिव्हर उघडला काय आणि न उघडला काय, स्टार्टर त्याचं ऐकत नाही, तो फक्त लाल, म्हणजे बंदच्या बटणाचं ऐकतो. उलट काहीजण रिसिव्हर लाल बटणाच्या लाईनीत घालतात, मग टाकी भरल्यावर बंद बरोबर होते पण चालू करायला दरवेळी खाली उतरून हिरवं दाबावं लागतं. तेही चालतं म्हणा, ज्याला निम्मं ऑटोमॅटिक पुरतं त्यानं तसंच ठेवावं, सगळ्यात सुरक्षित तेच आहे.

पूर्ण ऑटो पाहिजे तर एक तीन पोझिशनचा सिलेक्टर लावा, मॅन्युअल, बंद, ऑटो. फेज आधी लाल बटणातून, मग ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून (ट्रिप झाला की सुटणारा पॉइंट), मग सिलेक्टरला. सिलेक्टरच्या मॅन्युअल टोकापासून हिरवं बटण आणि त्याला समांतर होल्डिंगचा १३-१४, तिथून ए१. ऑटो टोकापासून रिसिव्हरचा कॉम, एनओ, तिथून तोच ए१. होल्डिंगला फेज मॅन्युअल टोकापासूनच मिळाली पाहिजे, हे विसरलात तर ऑटोमध्येही होल्ड लागणार आणि पुन्हा अक्का बादली घेऊन उभ्या. आणि घरच्यांना एक सांगून ठेवा, ऑटोमध्ये असताना लाल बटण दाबलं तर मोटर थांबते, पण बोट काढलं की रिसिव्हरचे पॉइंट जोडलेलेच असल्यामुळं परत सुरू होते. हात घालायचा असेल तर सिलेक्टर मधे बंदवर आणायचा, आणि वरनं एमसीबीपण पाडायचा. ओव्हरलोड कधीही बायपास करू नका, उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट खाते आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येतो. थ्री फेजचा ओव्हरलोड सिंगल फेजला वापरत असाल तर एका पोलातून निघालेली वायर दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी फिरवून तिन्ही पोलातून करंट जाऊ द्या, नाहीतर एक फेज गेला समजून तो उगाच ट्रिप मारत बसतो.

आता जरा वेगळंच सांगतो, पण विषय तोच आहे. माझा पुतण्या इंग्लंडात असतो. तिकडं घर गरम ठेवायला भिंतीवर गॅसचा कॉम्बी बॉयलर असतो, एकाच डब्यातून रेडिएटरलाही गरम पाणी आणि नळालाही. त्यानं स्मार्ट थर्मोस्टॅट आणला, त्याचा रिसिव्हर बॉयलरला जोडला आणि मला रात्री व्हिडिओ कॉल, "काका, थर्मोस्टॅट बंद दाखवतोय पण हीटिंग चालूच आहे, रिसिव्हर खराब निघाला वाटतं." मला हसूच आलं. म्हटलं आधी फोटो पाठव.

फोटोत दिसलं ते असं. बॉयलरच्या थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमध्ये कंपनीनंच वायरचा एक छोटा तुकडा लावून दिलेला असतो, म्हणजे थर्मोस्टॅट नसला तरी बॉयलर चालावा म्हणून. यानं रिसिव्हरच्या वायरी त्या तुकड्यासकट वरनं जोडल्या. म्हणजे आमच्या होल्डिंगसारखंच, बटण उघडलं तरी बाजूनं रस्ता मोकळा. तो तुकडा काढायला सांगितला. पण त्याच्याही आधी एक विचारलं, तुझ्या बॉयलरचं ते टोक किती व्होल्टचं आहे ते मॅन्युअलमध्ये बघ. काही बॉयलरना त्या टोकावर २३० व्होल्टची फेज परत पाहिजे असते, तिथं रिसिव्हरमध्ये फेजपासून कॉमला एक जोड द्यावी लागते. आणि काहींना कोरडा संपर्क लागतो, म्हणजे दोन टोकं नुसती जोडायची आणि सोडायची, बाहेरचा करंट अजिबात द्यायचा नाही, त्या टोकांवर बॉयलरचाच कमी व्होल्टचा करंट असतो. अशा ठिकाणी तो जोड ठेवून २३० सोडलात तर बॉयलरचा अख्खा सर्किट बोर्ड जळतो. त्याचा कोरड्या संपर्काचा निघाला, आणि यानं व्हिडिओ बघून जोड मारलेलाच होता, फक्त अजून बोर्डापर्यंत करंट पोहोचला नव्हता. नशीब म्हणायचं. तिकडं बॉयलरची लाईन ३ अँपिअरच्या फ्यूजवाल्या स्विचवरून येते, तो बंद करून काम केलं, आणि गॅसच्या भागाला हात लावायचा नाही, त्याला तिकडं गॅस सेफमध्ये (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस लागतो. दुसऱ्या दिवशी परत फोन, "काका, थर्मोस्टॅट बंद असताना बॉयलर पेटला!" विचारलं कधी, तर म्हणे आंघोळ करताना. अरे बाबा, नळ सोडला की कॉम्बी पेटणारच, पाणी वाहायला लागलं की त्याला कळतं, थर्मोस्टॅटचा त्याच्याशी संबंध नाही. तो बिघाड नव्हे.

परत सोलापुरात. जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडं बोअर आहे, त्याची तक्रार वेगळी, ऑटोवर टाकलं की मोटर नुसती हुंकार देते आणि ट्रिप होते, हातानं हिरवं बटण दाबलं की मस्त उठते. बोअरच्या सिंगल फेज सबमर्सिबल पॅनेलमध्ये दोन कपॅसिटर असतात, एक रनिंगचा कायम लाईनीत, दुसरा मोठा स्टार्टिंगचा, तो फक्त हिरवं बटण दाबून धरलेल्या एक-दोन सेकंदापुरता लागतो. साध्या पॅनेलमध्ये हे काम त्या बटणातलाच दुसरा पॉइंट करतो. रिसिव्हरनं फक्त कॉन्टॅक्टर ओढला तर स्टार्टिंग कपॅसिटर लाईनीत येतच नाही, मोटर जागेवर कुंथत बसते. याच्यावर एकानं त्याला सुचवलं की स्टार्टिंगचा कपॅसिटर कायमचा जोडून टाक. तसं करू नका हो, तो काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, सतत लाईनीत राहिला की फुगतो आणि फुटतो, आणि फुटला की पॅनेलचं झाकण समोरच्या भिंतीला. स्टार्टिंगचा टायमर किंवा रिले असलेलं ऑटो पॅनेल घ्या, किंवा आहे त्याच पॅनेलमध्ये दोन-तीन सेकंदांचा टायमर टाकून घ्या.

शेतात नाहीतर कारखान्यात थ्री फेज स्टार्टर असेल तर कॉईलवरचा आकडा वाचा. बऱ्याच जुन्या स्टार्टरची कॉईल ४१५ व्होल्टची असते, दोन फेजांमध्ये लावलेली, न्यूट्रल लागतच नाही. २५० व्होल्टच्या रिलेतून ४१५ नेऊ नका. कॉईल बदलून २३० ची घाला आणि न्यूट्रल आणा. न्यूट्रल खात्रीचा नसेल तर अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरायचा शहाणपणा करू नका, माणूस मरतो त्यानं. आणि न्यूट्रल लूज असला तर रिसिव्हरवर कधी ३०० च्या वर व्होल्ट जातात, उघडून बघितलं की आत एक गोल चकती काळी पडून फुटलेली दिसते. तसं दिसलं तर आधी न्यूट्रलचा सांधा शोधा, नवीन रिसिव्हर नंतर.

सेन्सरचं थोडक्यात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, स्टीलच्या सळयांवर पांढरा थर चढतो आणि पाणी लागलेलं त्यांना कळतच नाही. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, ते कोमट पाण्यात घालून सळया तासभर बुडवा, थर निघून जातो. उलट बाजूनं, नळाची धार सळईवर पडत असेल तर टाकी अर्धी असतानाच फुल दाखवून रिले टकटकटक करत बसतो, कॉन्टॅक्टरचीही वाट लागते, सेन्सर धारेपासून लांबच्या कोपऱ्यात घ्या. हौदातही एक सेन्सर टाका आणि त्याचा पॉइंट रिसिव्हरच्या एनओबरोबर एका ओळीत घ्या, नाहीतर हौद रिकामा झाल्यावर मोटर कोरडी फिरून सील जाळते. रिसिव्हर लोखंडी पेटीत बसवला असेल तर सिग्नल मिळत नाही, निदान अँटेना बाहेर काढा.

लाईट गेली आणि आली, तर ऑटोमधली मोटर आपोआप उठते, हे लक्षात असू द्या, जुन्या स्टार्टरची सवय असते की हिरवं दाबल्याशिवाय काही होत नाही. आमच्या गल्लीत लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज असं बसतं की कॉन्टॅक्टर नुसता तडतडतो. मी ए१ च्या आधी ऑन-डिलेचा, म्हणजे उशिरानं चालू करणारा टायमर टाकून ९० सेकंद ठेवलेत. तोवर पलीकडच्यांच्या उठून होतात.

आणि एक चाचणी, बसवून झाल्यावर मला कुणी सांगितली नव्हती, आपली आपणच केली. मोटर ऑटोवर चालू असताना गच्चीवर जाऊन ट्रान्समीटरचे सेल काढायचे. सिग्नल तुटला तर रिसिव्हरनं थोड्या वेळात मोटर बंद केली पाहिजे. शेवटचं ऐकलेलं धरून जो चालूच ठेवतो तो कंट्रोलर परत द्या, कारण चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या उन्हात सेल कधी फुगून बसतील याचा भरवसा नाही. मी सेल हातात धरून टाकीच्या सावलीत बसलो, खाली मोटरचा आवाज येतोय, एक मिनिट, दोन मिनिटं, तिसऱ्याला अक्कांनी त्यांच्या गच्चीवरनं विचारलं, "आज पण वाहणार का भाऊ?" चौथ्या मिनिटाला बंद झाली.